कुंभारीच्या माळावरची घरे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे इतकी मुरली आहे की, ती उच्चारताना तिच्या अर्थाकडे आता कोणी वळून पाहत नाही. घर बांधताना माणसाची किती दमछाक होते हे ती सांगते, आणि ते खोटे नाही. परंतु या म्हणीच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. ज्याला बांधून पाहता येते, त्याच्यासाठीच ती आहे. ज्याच्यापाशी जागा नाही, पैसा नाही आणि कर्ज देणाऱ्या पेढीपुढे ठेवण्याजोगा पगाराचा कागदही नाही, त्याने काय पाहावे याविषयी म्हण मौन पाळते. अशा माणसाच्या वाट्याला दुसऱ्याने बांधलेले घर येते. कधी घरमालकाने, कधी गिरणीमालकाने, तर कधी सरकारने.

या तिसऱ्या प्रकारच्या घराविषयी दिवाळीच्या दिवसांत लिहावे की नाही, असा विचार क्षणभर मनात आला. या दिवसांत आपण भिंतींना रंग देतो, उंबऱ्यापुढे रांगोळी काढतो, आकाशकंदील टांगतो. घर या वस्तूचे एवढे कौतुक वर्षातून एरवी कधी होत नसेल. मग त्या वस्तूची थोडी चिकित्साही याच दिवसांत व्हायला हरकत नाही. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. पण ज्या घरकुलांत हजारो माणसे आयुष्य काढणार, त्यांची समीक्षा क्वचितच होते. उद्घाटनाच्या दिवशी स्तुती होते, पहिल्या पावसात स्लॅब गळला की निंदा होते, आणि या दोहोंच्या मधे जे बोलायला हवे ते राहून जाते.

समीक्षेसाठी सोलापूरइतके सोयीचे गाव महाराष्ट्रात दुसरे नाही. सोलापूरपासून दहाएक किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारी गावाच्या माळावर, सरकारी साहाय्याने उभ्या राहिलेल्या दोन प्रचंड वसाहती आहेत. पहिली १०,००० घरांची, विडी कामगार स्त्रियांची. ती २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांच्या स्वाधीन झाली. दुसरी रे नगर. तिची कोनशिला जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बसवली, आणि ३०,००० घरांच्या त्या योजनेतली पहिली १५,००० घरे त्यांनीच १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना दिली. दोन्ही वसाहतींच्या मागे कामगारांची संघटना आणि माजी आमदार नरसय्या आडम यांची चिकाटी होती. लाल बावट्याच्या माणसाने मागायचे आणि निरनिराळ्या पक्षांच्या पंतप्रधानांनी द्यायचे, हा योग एकाच माळावर दोनदा जुळून आला. राजकारणाच्या दृष्टीने त्याची चर्चा पुष्कळ झाली. मला ती पुन्हा करायची नाही. मला घराविषयी बोलायचे आहे.

घराची परीक्षा कशाने करावी? किती बांधली, किती चौरस फुटांची बांधली, किती लाखांत बांधली, हे आकडे सरकारी अहवालात असतात आणि ते महत्त्वाचेही आहेत. पण सोलापूरच्या इतिहासाकडे पाहिले की आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो: हे घर कशाला बांधलेले आहे? गाय दाव्याला बांधतात, तसे घरही कशाला तरी बांधलेले असते. ते दावे किती लांब आहे आणि त्याचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे, यावर त्या घरात राहणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य ठरते.

सोलापूरची जुनी गिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या निघाल्या. गिरणीला हात हवेत आणि हातांना निवारा हवा. म्हणून चाळी उठल्या. एन. जी. मिलची चाळ, लक्ष्मी-विष्णूची चाळ ही नावे सोलापूरकराच्या तोंडी आजही पत्त्यासारखी येतात. भाडे हलके, भोंगा हाकेच्या अंतरावर आणि शेजार आपल्याच माणसांचा. घर म्हणून चाळ वाईट नव्हती. पण तिचे दावे नोकरीला होते. नोकरी असेतो खोली. नोकरी गेली, संप चिघळला, की डोक्यावरच्या छपराचाही प्रश्न आलाच. ज्याच्या हाती मजुरी त्याच्याच हाती घर असले, तर मजुराचा आवाज आपोआप खाली येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सोलापुरातले बहुतेक भोंगे थंडावले. गिरण्या गेल्या; चाळींतली माणसे मात्र राहिली, आणि आपण इथले कोण हा प्रश्न घेऊन राहिली.

सरकारने सोलापुरात गरिबांसाठी केलेली पहिली मोठी वस्ती मात्र चाळीहून फारच निराळी होती. १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी वसाहती निघाल्या. सोलापूरची ‘सेटलमेंट’ ही त्यांतली एक मोठी. तिथे सरकारने जागा दिली, शाळा दिली, गिरणीत कामही मिळवून दिले; आणि सभोवार काटेरी तार ओढली. हजेरी दिल्याशिवाय बाहेर जाता येत नसे. त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या लेखी ती सुधारणा होती, आणि त्यांतले काहीजण मनापासून तसे मानीतही असतील. पण जे घर आतून कडी लावण्यासाठी नसून बाहेरून लावण्यासाठी आहे, त्याला घर कसे म्हणावे? ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. तार गेली, नाव राहिले. सोलापुरात आजही रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हटले की पुरते.

हा दाखला येथे मुद्दाम दिला. सरकार घर देते म्हणजे ते दयाळूच असते असे नाही, आणि सरकार घर देते म्हणून संशयच घ्यावा असेही नाही. देताना ते बदल्यात काय मागते, एवढे पाहिले पाहिजे.

ज्या १९५२ साली सेटलमेंटची तार निघाली, त्याच साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी साहाय्यित घरबांधणीची योजना काढली. तिच्या आधी मुंबई राज्यात गृहनिर्माण मंडळ स्थापन झालेच होते. सरकारने काही रक्कम अनुदान म्हणून द्यायची, काही कर्जाऊ द्यायची आणि कामगाराला परवडेल अशा भाड्याने घर द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. कल्पना चांगली होती. मात्र कामगार कोणाला म्हणायचे, तर ज्याला कारखान्यांचा कायदा लागू आहे त्याला. आता सोलापुरात गिरणीतल्या पुरुषाची बायको घरात बसून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. ती दिवसभर काम करी, तिच्या मालाचा व्यापार होई, त्यावर सरकारला करही मिळे. पण ती ‘कारखान्यात’ नव्हती, म्हणून ती कामगार नव्हती. तिचा कारखाना म्हणजे तिचेच घर होते. घरच कारखाना असल्यामुळे घराच्या योजनेतून ती वगळली गेली, ही त्यातली गोम.

ही चूक दुरुस्त व्हायला बरीच वर्षे लागली. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हणून ओळख देणारा कायदा १९६६ साली झाला. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधी निर्माण झाला; विडीवर थोडा उपकर बसवायचा आणि त्यातून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या आणि घरे यांना मदत करायची, अशी ती व्यवस्था होती. कुंभारीच्या पहिल्या वसाहतीला याच निधीचा आधार मिळाला. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि कामगार बाईचा स्वतःचा वाटा, असे तीन वाटे पडले.

त्या वसाहतीचे नाव गोदावरी परुळेकर यांच्यावरून ठेवले आहे. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या लढ्यात आयुष्य घालणाऱ्या आणि त्या अनुभवावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिणाऱ्या गोदूताईंचे नाव सोलापूरच्या माळावर यावे, हे उचितच झाले. वेठबिगारीतून सुटलेल्या वारल्याला आणि भाड्याच्या खोलीतून सुटलेल्या विडीवालीला जोडणारा धागा त्या नावात आहे. शिवाय या वसाहतीचे मर्म असे की, ती कोणा साहेबाच्या टेबलावर सुचलेली नाही. बायकांनी सभासद व्हावे, थोडे थोडे पैसे साठवावेत, मोर्चे काढावेत, मुंबईला जावे, दिल्लीला जावे, परत यावे आणि पुन्हा जावे, असे वर्षानुवर्षे चालले. दिलेले घर आणि मिळवलेले घर यांच्या भिंती एकाच सिमेंटच्या असतात. पण मिळवलेल्या घरात राहणारीची मान वेगळी असते.

सोलापूरच्या पूर्व भागातली विडीवाल्यांची खोली ज्याने पाहिली नाही, त्याला या बदलाची किंमत कळायची नाही. दहा बाय दहाची खोली. एका कोपऱ्यात चूल किंवा गॅस, दुसऱ्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पाने. सुपात तंबाखू, हातात कात्री, शेजारी दोऱ्याची रिळे. पान भिजवायचे, मापाने कापायचे, तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड मिटायचे. हजार विड्यांचा हिशेब पुरा व्हायला सगळा दिवस जातो. त्याच खोलीत पोर अभ्यास करते, त्याच खोलीत सासू खोकते आणि रात्री सूप उचलून भिंतीला लावले की त्याच जागेवर अंथरुणे पडतात. तांदळाचा डबा आणि तंबाखूचा डबा यांत वीतभर अंतर. ही खोलीही भाड्याची. आणि तंबाखूच्या वासावरून, पाण्यावरून, पाहुण्यावरून घरमालकाचे बोलणे रोजचे. अशा बाईच्या नावे उतारा झाला, दाराच्या चौकटीवर तिचे नाव लागले, ही गोष्ट लहान नाही. मी पुढे जे दोष दाखवणार आहे, ते ही गोष्ट मान्य करूनच दाखवणार आहे.

रे नगरचे गणित पहिल्या वसाहतीहून निराळे. ते प्रधानमंत्री आवास योजनेतले. ही योजना जून २०१५ मध्ये सुरू झाली. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबासाठी अशा सामूहिक बांधकामात दर घरामागे केंद्राने दीड लाख आणि महाराष्ट्र शासनाने एक लाख द्यायचे. उरलेले लाभार्थ्याने, बहुधा कर्ज काढून. घर सुमारे तीनशे चौरस फुटांचे. मालकी कुटुंबातल्या स्त्रीच्या नावे, नाहीतर नवराबायकोच्या जोडनावे. येथे विडीवाल्यांच्या बरोबर यंत्रमाग कामगार, शिलाईकाम करणारे, कागदकाच वेचणारे असे सगळेच असंघटित आले. पहिल्या वसाहतीत बैठी घरे होती. येथे मजल्यांच्या इमारती आल्या. संख्या तिप्पट झाली म्हणजे जमीन वाचवणे आले, हे समजण्यासारखे आहे. मात्र बैठे घर वरवर साधे दिसले तरी त्याला पुढे-मागे जमीन असते, आणि सोलापुरात त्या जमिनीचे मोल आहे.

माझ्या ओळखीची एक विडी वळणारी बाई आहे. वय साठीच्या पुढे. तेलुगू घरात बोलते, मराठी आमच्याशी. ती अजून पूर्व भागात भाड्यानेच राहते. तिला मी एकदा विचारले, “अक्का, तुम्ही घरकुलासाठी नाव का नाही घातलं?”

सुपातला हात न थांबवता ती म्हणाली, “घर कुणाला नको हो सर? पण मी राहते इथं, पान-तंबाखू मिळतो त्या चौकात. तिकडं गेले तर रोज यायला-जायला रिक्षा. हजार विडीत रिक्षाला किती, पोटाला किती?” मग थोडे थांबून, “आणि वरच्या मजल्यावर पानं कुठं भिजवू?”

सरकारी कागदांत घराची व्याख्या झोपायची आणि स्वयंपाकाची जागा अशी असते. मध्यमवर्गीय माणसाच्या बाबतीत ती चालते. तो सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळी परत येतो. पण सोलापूरच्या कष्टकऱ्याचे घर रात्रीपेक्षा दिवसा अधिक वापरात असते. पद्मशाली विणकराच्या घरात पूर्वी माग असे. आई कांडी भरी, बाप धोटा फेकी. माग गेले, त्या जागी यंत्रमाग आले आणि शेडमध्ये गेले. पण विडी, शिलाई, पापड ही कामे घरातच राहिली. अशा घराची परीक्षा रात्री नव्हे, दुपारी दोन वाजता करायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. आपल्या जुन्या वाड्यांवर माळवद असे; पांढऱ्या मातीचा जाड थर ऊन पिऊन टाकी. आता वर उघडा स्लॅब आणि त्याखाली तीनशे फुटांत सूप मांडून बसलेली बाई. तीनशे फुटांचे चारशे करा, असे मी म्हणत नाही. तेवढा पैसा नाही हे मला ठाऊक आहे. पण दर इमारतीत तळमजल्यावर पंखे-पाणी असलेली एक सामाईक कामाची खोली ठेवली, तर तंबाखू माजघरातून बाहेर जाईल, पाने भिजवायला हौद मिळेल आणि पोराच्या वहीवर भुकटी पडणार नाही. आणि पान-तंबाखू वाटण्याचे, विड्या मोजून घेण्याचे ठिकाण वसाहतीतच आणणे ही घरबांधणीच्या आराखड्याचीच बाब आहे. ती मागाहून सुचण्याची गोष्ट नव्हे. पाणी आणि बस यांचेही तेच. चार-चार दिवसांनी येणाऱ्या नळाचा अनुभव सोलापूर शहराने वर्षानुवर्षे घेतला आहे. माळावर ३०,००० संसार थाटताना हा अनुभव विसरून चालत नाही.

दुसरा प्रश्न हप्त्याचा. चाळीचे दावे नोकरीला होते. घरकुलाचे दावे कर्जाला आहे. महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता भरायचा, आणि मिळकत मात्र हजारी हिशेबाची. पाने खराब निघाली, माल नापास करून बाजूला काढला, काम चार दिवस बंद राहिले, की मिळकत खाली; हप्ता जागच्या जागी. त्यात विडीचा धंदा उतरणीचा. २००३ च्या कायद्यापासून तंबाखूवर निर्बंध वाढत गेले. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच. विडी ओढणाऱ्याची छाती आणि वळणारीची छाती, दोन्ही वाचायला हव्यात. पण वीस वर्षांचे कर्ज ज्या धंद्याच्या जोरावर काढायचे, तो धंदा वीस वर्षे टिकेल का, हे कर्ज देतानाच कोणीतरी विचारायला हवे. आणखी एक बाब फारशी कोणाच्या ध्यानात आलेली नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा विडीवरचा तो कल्याण-उपकर बंद झाला. कर सुटसुटीत झाले, हे खरे. पण पूर्वी विडीवाली म्हणू शकत होती की, माझ्या घराला लागलेला पैसा माझ्याच विडीतून निघालेला आहे. आता तिला सरकारी तिजोरीतल्या सर्वसाधारण पैशाची वाट पाहावी लागते. हक्काच्या पैशाचे अनुदान झाले, की हळूहळू त्या अनुदानाला उपकाराचा वास येऊ लागतो.

तिसरा दोष सर्वांत मोठा, आणि तो एकट्या कुंभारीचा नाही. देशातल्या एकूण घरविषयक धोरणाचाच आहे. आपल्या योजनांना गरीब माणूस दोनच रूपांत दिसतो: झोपडीवाला किंवा भावी मालक. भाडेकरू त्यांना दिसतच नाही. माझ्या ओळखीची ती अक्का झोपडीत राहत नाही, म्हणून झोपडपट्टी सुधारणेत ती बसत नाही. कर्ज काढून दूर जायला तयार नाही, म्हणून घरकुलातही बसत नाही. ती दरमहा भाडे भरते, दर दोन-तीन वर्षांनी खोली बदलते, आणि सरकारच्या लेखी तिचा घरविषयक प्रश्न अस्तित्वातच नाही.

भाडेकरूसाठी आपण काहीच केले नाही असे नाही. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा भाडेकरूच्याच रक्षणासाठी होता, आणि युद्धोत्तर टंचाईत त्याने असंख्य कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचवले. पण भाडी गोठली, ती गोठलेलीच राहिली. दुरुस्ती परवडेना म्हणून वाडे ढासळू लागले, आणि नवी खोली भाड्याने द्यायची म्हटले की मालक बिचकू लागला. १९९९ चा नवा कायदा आला. तोवर अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत रुजली होती. जुना भाडेकरू कायद्याने वाचला, नवा भाडेकरू मालकाच्या मर्जीवर राहिला. आणि गरिबाच्या खोलीला तर करारही नसतो, सगळा तोंडी व्यवहार. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून शिधापत्रिकेची अडचण, आणि कागद नाहीत म्हणून योजनेत नाव नाही, असा हा फेरा आहे.

इतर देशांत या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना शहराने १९२३ साली घरांवर खास कर बसवला आणि दहाएक वर्षांत साठ हजारांच्या आसपास घरे बांधली. विकायला नव्हे, भाड्याने द्यायला. तिथे पाळणाघरे, धुण्याच्या सामाईक खोल्या, ग्रंथालये होती. ती घरे आजही शहराच्या मालकीची आहेत आणि माणसे तिथे सन्मानाने भाडेकरू म्हणून राहतात. अमेरिकेने १९७४ साली दुसरी वाट धरली: गरीब कुटुंबाने स्वतः खोली शोधायची, उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शाएवढे भाडे, आज साधारण तीस टक्के, आपण भरायचे आणि उरलेले सरकारने थेट घरमालकाला द्यायचे. तिथेही मदत मागणाऱ्यांच्या रांगा लांब आहेत आणि सगळ्यांना ती मिळत नाही. तरीही दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मान्य केलेली आहे की, भाड्याने राहणे हा गुन्हा नव्हे, कमीपणा नव्हे आणि तात्पुरता आजारही नव्हे. कित्येकांच्या आयुष्यात तेच सोयीचे असते.

सोलापूरला हे सर्वांआधी समजायला हवे. या शहराची पोरे पुण्याला जातात, भिवंडीला जातात, हैदराबादेला जातात. मूळ विणकर तेलंगणातूनच आलेले. ज्या कुळांनी पोटामागे एवढे अंतर तोडले, त्यांच्या नातवंडांना एका माळाला वीस वर्षे बांधून ठेवणे कितपत शहाणपणाचे? २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून पायी निघालेली माणसे देशाने पाहिली, तेव्हा भाडेकरूची आठवण सरकारला झाली. त्याच वर्षी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना निघाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा भाड्याची घरे हा तिचा एक स्वतंत्र भाग केला गेला. उशिरा का होईना, शब्द कागदावर आला. आता सोलापुरात, पूर्व भागात, बंद गिरण्यांच्या परिसरात, पान-तंबाखूच्या चौकापासून चालण्याच्या अंतरावर, लेखी करार असलेल्या भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, तर त्या शब्दाला अर्थ येईल.

येथपर्यंत वाचणाऱ्या काहींच्या मनात एक शंका आली असेल. आमच्या करातून यांना घरे कशाला, असा तिचा आशय. ती आपल्याच बैठकीत पुष्कळदा ऐकू येते, म्हणून तिला उत्तर देणे भाग आहे. आपल्यापैकी ज्यांनी गृहकर्ज काढून सदनिका घेतली, त्यांनी वर्षानुवर्षे त्या कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात सूट घेतली आहे. २०१५ नंतर काही वर्षे मध्यम उत्पन्न गटालाही व्याजात सवलत मिळाली. ही सरकारी मदतच होती. फक्त ती कागदाच्या एका ओळीत बसली, तिचा मंडप पडला नाही आणि ती घेताना आपल्याला कोणासमोर हात जोडावे लागले नाहीत. विडीवालीची मदत मंडपात मिळते, टाळ्यांत मिळते आणि तिच्या डोळ्यांतले पाणी छायाचित्रात येते. मदत दोघांनाही मिळाली. लाज मात्र एकटीच्याच वाट्याला का यावी?

तेव्हा कुंभारीच्या घरांविषयी माझा अभिप्राय असा. गिरणीच्या चाळीहून ती बरी, कारण त्यांचे दावे मालकाच्या हाती नाही. सेटलमेंटशी तर त्यांची तुलनाच नको. तिथे तार होती, येथे उतारा आहे, आणि उताऱ्यावर बाईचे नाव आहे. परंतु घर कामापासून तोडले, हप्त्याला बांधले आणि भाडेकरूला दाराबाहेर ठेवले, तर एक दावे सुटून दुसरे गळ्यात पडते. उरलेली घरे उभी करताना आणि पुढच्या योजना आखताना आकड्यांच्या शेजारी हाही हिशेब मांडला गेला पाहिजे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कुंभारीच्या माळावर हजारो पणत्या लागतात. जिथे एकेकाळी कुसळे उगवत होती, तिथे उंबरे आले, तुळशी आल्या, दारांवर तोरणे आली. ते दृश्य पाहून कोणालाही बरे वाटेल, आणि वाटावेच. त्याच संध्याकाळी पूर्व भागातल्या त्या खोलीत अक्का सूप भिंतीला लावील, जागा झाडील आणि दोन पणत्या दारात ठेवील. दार तिचे नाही. पणत्या मात्र तिच्याच. तेलही तिच्याच हजार विड्यांतले. तिच्या दारासाठी आपल्यापाशी अजून योजना नाही, एवढे ध्यानात ठेवून आपण आपला आकाशकंदील लावावा.